शून्य आकडा आल्यानंतर

रात्रीच्या नाकाबंदीवर पोलीस गाडी थांबवतात, तोंडासमोर मशीन धरतात आणि आपण त्यात फुंकर मारतो. आकडा शून्य येतो. यापुढे काय व्हायला हवं? गाडी चालवणारा पुरुष असेल तर हा प्रश्न कुणाला पडतच नाही. ‘चला, व्हा पुढे,’ म्हणतात आणि तो जातो. बाई असेल तर मशीनचं काम संपतं तिथून माणसांचं सुरू होतं. एवढ्या रात्री कुठून? मागे बसलाय तो कोण? घरी माहीत आहे का? लग्न झालंय का? मिस्टर काय करतात? आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला तर ‘वडिलांचा नंबर द्या, बोलतो त्यांच्याशी,’ असं सांगण्यात आलं. ती छत्तीस वर्षांची आहे आणि दोन मुलांची आई आहे.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. दारूची तपासणी दारूसाठी असते. आकडा शून्य आला की त्या तपासणीचा आणि त्या बाईचा संबंध संपला. त्यानंतर ती कुठून आली, कुणाबरोबर आली आणि का आली, हे प्रश्न कायद्याचे नाहीत. ते घरातल्या सासऱ्याचे, काकांचे, शेजारच्या नानांचे प्रश्न आहेत. फक्त रस्त्यावर ते खाकी कपडे घालून उभे असतात.

हा विषय किरकोळ आहे, असं काही जणींना वाटेल. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईचा प्रश्न, पोटगीचा प्रश्न, रेशनचा प्रश्न असताना स्कूटर आणि मोटारवाल्या बायकांची रडगाणी कशाला, असं आमच्या बैठकीतही एकीने विचारलं. म्हणून मी तिथे बसलेल्या बायकांनाच विचारलं, की रात्री उशिरा गाडी कोण कोण चालवतं? हात वर केलेल्यांत दुसऱ्या पाळीची नर्स होती. लग्नसमारंभात पोळ्या लाटायला जाणारी आणि रात्री बारानंतर मोपेडवर परतणारी बाई होती. रिक्षा चालवणारी होती. आजारी आईसाठी रात्री औषध आणायला निघालेली मुलगी होती. पार्टीहून येणारी एकही नव्हती. आणि असती, तरी माझं म्हणणं बदललं नसतं, पण त्याबद्दल पुढे बोलते.

बायकांनी रात्री काम करावं अशी व्यवस्था सरकारनेच केली आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईला तिच्या संमतीने रात्री साडेनऊनंतरही काम करण्याची मुभा दिली, मालकावर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी टाकली. एका कायद्याने तिला रात्री कामाला जा म्हणायचं आणि दुसऱ्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्याने तिला ‘रात्री कशाला बाहेर पडता?’ म्हणून अडवायचं, हे कसं चालेल?

आधी कायदा नीट समजून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं १८५ वं कलम सांगतं, की दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ही केस कोर्टात जाते. रस्त्यावरच तडजोडीचा दंड भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत ती येत नाही. तेव्हा ‘इथेच काय ते द्या आणि जा,’ असं कुणी म्हणालं तर तो दंड नाही, ती लाच आहे. आणि आकडा शून्य असताना कुणी असं म्हणालं तर ती उघड उघड लूट आहे.

फुंकर मारायला सांगण्याचा अधिकार २०३ व्या कलमात आहे. गणवेशातला पोलीस अधिकारी, गाडी चालवणाऱ्या किंवा चालवू पाहणाऱ्या व्यक्तीने दारू प्यायल्याचा वाजवी संशय असेल, तर तिथेच किंवा जवळपास श्वासाचा नमुना मागू शकतो. यातले शब्द नीट पाहा. गणवेश हवा. वाजवी संशय हवा. आणि व्यक्ती गाडी चालवणारी हवी. मागे बसलेल्या मैत्रिणीला किंवा शेजारच्या सीटवरच्या बाईला फुंकायला लावण्याचा अधिकार या कलमात नाही. तपासणीत अल्कोहोल दिसलं तर अटक करता येते. पण काहीच दिसलं नाही तर त्या बाईला ठेवून घेण्याचं कारण या कलमात शोधूनही सापडत नाही. किल्ली काढून घ्या, मोबाइल उघडून बघा, वडिलांना किंवा नवऱ्याला फोन लावा, यातलं काही तिथे लिहिलेलं नाही.

तपासणीला नकार द्यावा का, असं मुली विचारतात. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. नकार दिला आणि अधिकाऱ्याला संशय असला तर त्यावरूनही अटक होऊ शकते, आणि पुढे कोर्टात तो नकार आपल्याच विरुद्ध वापरता येतो. शिवाय रस्त्यावरच्या इतरांच्या जिवासाठी ही तपासणी हवीच आहे, असं मी मानते. फुंकर मारावी, पण नळी नवी लावायला सांगावी आणि मशीनवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. नुसतं तोंडाजवळ तोंड आणून ‘वास येतोय’ म्हणणं ही तपासणी नव्हे. खोकल्याच्या औषधाने किंवा तोंड धुण्याच्या द्रावणाने थोडा वेळ तोंडात अल्कोहोल राहतं आणि मशीनला ते दिसतं. असं झालं तर घाबरू नये. पाण्याने खळखळून चूळ भरावी, पंधरा-वीस मिनिटं थांबावं आणि दुसऱ्यांदा तपासणी मागावी. कायद्यात ‘एक किंवा अधिक नमुने’ असं म्हटलं आहे, आणि अटक झालीच तर ठाण्यात पुन्हा फुंकर मारण्याची संधी द्यावी असंही म्हटलं आहे.

आता शून्य आकडा आला. पुढे काय करायचं? पोलीस लायसन मागू शकतात. गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन दाखवणं आपल्यावर बंधनकारक आहे. गाडीची नोंदणी, विमा, पीयूसी हेही मागू शकतात. मोबाइलमधल्या डिजिलॉकरमधली कागदपत्रं चालतात. फोन त्यांच्या हातात देऊ नये, आपल्या हातात धरून दाखवावा. कागदपत्रं पाहून झाली की स्पष्ट आवाजात विचारावं, ‘साहेब, तपासणी झाली, शून्य आलंय, कागद पाहिलेत. आता मी निघते.’ बाई पोलीस असेल तर ‘मॅडम’ म्हणावं. हे वाक्य आमच्या गटात आम्ही चक्क पाठ करून घेतलं. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण रात्री बारा वाजता सुनसान रस्त्यावर चार पुरुष भोवती उभे असले की शिकल्यासवरल्या बाईचंही तोंड कोरडं पडतं. पाठ असलेलं वाक्य तेव्हा कामी येतं.

तरीही प्रश्न सुरूच राहिले तर? ‘याचा तपासणीशी काय संबंध?’ असं एकदा विचारावं. नाकाबंदी कधी कधी चोरी, हरवलेलं मूल, शस्त्रं अशा दुसऱ्या कारणासाठीही असते. तसं असेल तर ते कारण ते सांगू शकतात, आणि सांगावंच. अंगझडती घ्यायची वेळ आली तर ती बाईनेच आणि सभ्यता राखूनच घेतली पाहिजे, हा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला नियम २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. कारण काहीच नसेल, तर वाद वाढवत बसू नये. नाव-पट्टी वाचावी, वेळ आणि जागा लक्षात ठेवावी, पोलिसांच्या गाडीचा नंबर बघावा. पुढच्या चौकात, उजेडात, गाडी बाजूला घेऊन सगळं लिहून ठेवावं. जाऊच देत नसतील तर ११२ ला फोन लावावा. हा नंबर पोलिसांचाच असला तरी त्या फोनची नोंद होते, आणि नोंद झाली की समोरच्याचा सूर बदलतो, असं आमच्यापैकी दोघींनी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार करावी. शहरात वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांकडे, जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे. प्रत राज्य महिला आयोगाकडे पाठवावी. आणि त्या तक्रारीत एक गोष्ट लिहू नये, असं मी अगदी आग्रहाने सांगते. ‘मी चांगल्या घरची आहे,’ ‘मी तर ड्यूटीवरून येत होते,’ ‘माझ्यासोबत माझा भाऊच होता’ हे लिहू नका. भाऊ असेल नाहीतर मित्र असेल. ड्यूटी असेल नाहीतर नाटक पाहून आला असाल. तुमचा हक्क त्यावर अवलंबून नाही. एकदा का आपणच आपल्या चांगुलपणाचे दाखले जोडायला लागलो, की ज्या बाईकडे असे दाखले नसतील तिला अडवायला आपणच परवानगी दिली असं होतं.

इथेच आपल्या चळवळीतली एक अडचण उघडपणे बोलायला हवी. महाराष्ट्रातल्या बायकांचं दारूशी भांडण जुनं आहे आणि खरं आहे. मजुरीचे पैसे गुत्त्यावर जाताना, नवरा पिऊन येऊन मारताना बायकांनी पाहिलं, म्हणून गावोगावी त्या उठल्या. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, ती लोकांच्या लढ्यातून. बायकांच्या गुप्त मतदानाने ‘आडवी बाटली’ निवडून गावातलं दुकान बंद करण्याची तरतूद आपल्याकडे आली, तीही बायकांच्या रेट्यामुळेच. या लढ्यांत मी होते आणि आजही त्या बायकांच्या बाजूने उभी आहे. पण या लढ्यातून आपल्यापैकी कित्येकींच्या मनात एक गोष्ट नकळत रुजली. पिणारा पुरुष हा त्रास देणारा, आणि पिणारी बाई मात्र ‘तसली’. म्हणून नाकाबंदीवर बाईला त्रास झाल्याचं कळलं की आपलाही पहिला प्रश्न असतो, ‘ती प्यायली होती का?’

तपासणीपुरता हा प्रश्न योग्य आहे आणि मशीनने त्याचं उत्तर दिलेलं असतं. पण आपण विचारतो तेव्हा आपल्याला आकडा नको असतो, तिचं चारित्र्य हवं असतं. बाईच्या चारित्र्याचा प्रश्न पोलीस ठाण्यात आणि कोर्टात आला की काय होतं, हे महाराष्ट्राने मथुराच्या प्रकरणात पाहिलं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधाची सवय असल्याचं नोंदवलं, आणि उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द करून दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यानंतर चार प्राध्यापकांनी लिहिलेलं खुलं पत्र, १९८० मधले मोर्चे, १९८३ ची कायद्यातली दुरुस्ती हा आपल्या चळवळीचा पायाच आहे. बलात्काराच्या खटल्यात बाईच्या ‘अनैतिक’ चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम जायला तर २००२ ची दुरुस्ती यावी लागली. इतकी वर्षं भांडून जो प्रश्न आपण कोर्टातून बाहेर काढला, तो चौकाचौकात मशीनच्या आडून परत येत असेल तर आपण गप्प कसं राहायचं?

कुणी म्हणेल, तिथे बलात्कार होता, इथे दोन-चार आगाऊ प्रश्न आहेत, तुलना कशाला? गुन्ह्याची तुलना मी करत नाहीच. दोन्हीकडचा समज एकच आहे, एवढंच दाखवते आहे. रात्री, एकटी किंवा परपुरुषाबरोबर दिसली, की ती बाई सगळ्यांना उत्तर द्यायला बांधील आहे, हा तो समज. छोट्या जागी तो खपवून घेतला की मोठ्या जागीही तो बिनबोभाट शिरतो.

मग जी बाई पास होत नाही तिचं काय? तिचा आकडा ३० च्या वर गेला तर तिने गुन्हा केला आहे. पुरुषाने केला असता तेवढाच. कमी नाही आणि जास्तही नाही. दारू पिऊन गाडी चालवणं ही चैन नव्हे, तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे, आणि तो जीव बहुतेक वेळा गरिबाचा असतो. २००६ च्या नोव्हेंबरात मुंबईत कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर एका मोटारीखाली मेले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने चालकाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतच ईस्टर्न फ्रीवेवर एका बाईने चालवलेली गाडी उलट दिशेने येऊन टॅक्सीवर आदळली आणि दोन माणसं गेली. स्त्रीवादी म्हणून मी तिची बाजू घ्यायला बसलेली नाही. पण तिचा खटला दोन माणसांच्या मृत्यूबद्दल चालावा, ती बाई असून पीत होती याबद्दल नव्हे, एवढं म्हणायला मी बांधील आहे.

आणि पकडलेल्या बाईलाही हक्क आहेत. १८५ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. रक्ताचा नमुना घेणारा डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी एखादी बाई हजर असल्याशिवाय तो घेता येत नाही, असं २०४ वं कलम स्पष्ट सांगतं. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करू नये, केलीच तर बाई अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली आणि नव्या संहितेतही आहे. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने बायकांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि चौकशी बाई पोलिसाच्या उपस्थितीतच व्हावी असं सांगितलं. हे हक्क आकड्यावर अवलंबून नाहीत. शून्यवालीला ते आहेत आणि साठवालीलाही आहेत.

तपासणी नेहमीच सगळ्यांना सारखी लागू होते असंही नाही. पुण्यात कल्याणीनगरला २०२४ च्या मे महिन्यात एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या महागड्या गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनीयरांचा बळी घेतला. त्यातली एक मुलगी होती. त्यानंतर मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला, डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या आईलाही झाली. आरोप खरे की खोटे ते कोर्ट ठरवील. पण एकीकडे तपासणीच फिरवता येत असल्याचा आरोप होतो आणि दुसरीकडे नर्सबाईंना सरळ फुंकर मारून शून्य आलं तरी जाऊ देत नाहीत, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की कायदा कुणासाठी सैल आणि कुणासाठी ताठ असतो ते कळतं.

आता आपल्या जबाबदारीबद्दल. ३० च्या खाली आकडा आला म्हणजे शून्य आला असं नव्हे, आणि पास झालं म्हणजे गाडी चालवायला योग्य ठरलं असंही नव्हे. प्यायल्यानंतर अर्ध्या-एक तासापर्यंत, पोटभर जेवण असेल तर त्याहूनही जास्त वेळ, रक्तातलं अल्कोहोल वाढत राहतं. म्हणजे ग्लास ठेवून लगेच निघालेली बाई पहिल्या नाक्यावर २० वर पास होईल आणि घर येईपर्यंत ३० ओलांडेल. उतरायला लागलं की साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याने तोंड धुणं, यांनी ते लवकर उतरत नाही. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूने पुरुषापेक्षा जास्त आकडा येतो. म्हणून मी सांगते, मशीनवर शून्याखेरीज काहीही दिसलं तर, पोलिसांनी जायला सांगितलं तरी, गाडी तिथेच बाजूला लावा. रिक्षा करा, कुणाला तरी बोलवा. आणि झोपेबद्दलही बोलते. मशीनला दारू कळते, झोप कळत नाही. सलग दोन पाळ्या करून निघालेल्या बाईला शून्य आला तरी डोळे मिटत असतील तर तिनेही थांबावं. रस्त्यावर आपल्याला हक्क हवेत, तर रस्त्याची काळजीही आपण घेतली पाहिजे.

शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईबद्दलही एक-दोन शब्द. मैत्रिणीने घेतली आहे आणि न घेतलेली गाडी चालवते आहे, यात दोघींनीही शहाणपणाचंच केलं आहे. पण नाकाबंदीवर खूपदा याच मागच्या मैत्रिणीवर घसरतात. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याप्रमाणे दारू प्यायला परवाना लागतो, तो दाखवा म्हणतात. परवाना पुरुषालाही लागतो. गाडीत मागे बसलेल्या किती पुरुषांना तो रस्त्यात विचारला जातो? आणि अशा शहाणपणाबद्दल मुलींना त्रास होणार असेल, तर पुढच्या वेळी त्या दोघी दोन वेगळ्या गाड्या काढतील. मग रस्ता सुरक्षित होईल की धोक्याचा?

दुसरी शेजारची बाई म्हणजे प्यायलेल्या नवऱ्याच्या बाजूला बसलेली. लग्नाहून परतताना मुलं मागे झोपलेली, आणि ‘मी ठीक आहे,’ म्हणत तो चालवतोय. तिला गाडी येते, लायसन आहे, पण चारचौघांत नवऱ्याकडून किल्ली कशी मागायची? किल्ली मागितली म्हणून घरी मार खाल्लेल्या बायका आमच्या केंद्रावर आल्या आहेत. अशा वेळी नाकाबंदी ही तिची मदत ठरू शकते. तो नापास झाला आणि बाईकडे लायसन असेल, तर तिची तपासणी करून गाडी तिच्या ताब्यात द्यावी आणि तिला निघू द्यावं, अशी पद्धत सगळीकडे लेखी घालून द्यायला हवी. ‘वहिनी, तुम्हाला जमेल का एवढ्या रात्री?’ असं न विचारता.

३१ डिसेंबरच्या रात्री यात कॅमेऱ्यांची भर पडते. दरवर्षी नाकाबंदीवर वाहिन्यांचे लोक उभे असतात आणि गाडीतल्या मुलींच्या तोंडावर उजेड मारतात. मुली ओढणीने चेहरा झाकतात, आणि झाकलेला चेहरा म्हणजे गुन्हा, असं सकाळपर्यंत सगळ्यांना दिसून जातं. त्यातल्या कितीजणींचा आकडा शून्य होता हे बातमी सांगत नाही. श्वासाचा नमुना पोलिसांनी घ्यायचा आहे. तो प्रेक्षकांसमोर घ्यायचा आहे असं कुठे म्हटलेलं नाही. वाहिन्यांना तिथे उभं करण्याचा मान पोलिसांनी बंद करावा, ही मागणी आपण डिसेंबर उजाडण्याआधी केली पाहिजे.

पोलिसांची बाजू मला दिसत नाही असं नाही. रात्रभर धुरात उभं राहायचं, प्यायलेल्यांच्या शिव्या खायच्या, कधी अंगावर गाडी घेतात. श्वासाचा नमुना बाई पोलिसानेच घ्यावा असं कायदा म्हणत नाही, पण निदान एक तरी बाई पोलीस प्रत्येक नाकाबंदीवर असावी असं आपल्याला वाटतं. ते मागताना त्या बाईसाठी जवळ स्वच्छतागृह असावं, घरी जायची सोय असावी, हेही आपणच मागायला हवं. बारा तास पाणी न पिता उभ्या राहिलेल्या बाईकडून दुसऱ्या बाईसाठी गोडवा मागणं बरं नाही. आणि खाकीतली बाई आली म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. ‘आई-वडील काय म्हणतील?’ हे वाक्य बाईच्या तोंडूनही येतं. म्हणून माणूस बदलण्याबरोबर नियम लिहून घ्यायला हवा.

तर आपल्या गटांनी करण्यासारख्या तीन गोष्टी सुचवते. पहिली, माहितीच्या अधिकारात आपापल्या शहरातल्या वाहतूक शाखेला विचारा, की नाकाबंदीसाठी लेखी सूचना आहेत का, गेल्या वर्षी किती नाकाबंद्यांवर बाई पोलीस होत्या, आणि पास झालेल्या चालकाला किती वेळात सोडावं याबद्दल काही आदेश आहे का. उत्तरात ‘माहिती उपलब्ध नाही’ आलं तर तीही माहितीच आहे. ती घेऊन वरिष्ठांकडे जा. दुसरी, प्रत्येक पोलीस उपायुक्त आणि अधीक्षकांकडे एकाच पानाचं निवेदन द्या. त्यात एवढंच मागा, की तपासणी पार पडलेल्या चालकाला कागदपत्रं पाहून लगेच सोडावं, घर, लग्न, सोबत यांबद्दल प्रश्न विचारू नयेत, फोन मागू नये, कॅमेऱ्यासमोर उभं करू नये. तिसरी, आपल्या बैठकीत ही चर्चा घ्या आणि ते वाक्य मुलींकडून मोठ्याने म्हणून घ्या.

आणि पुढच्या वेळी एखादी मुलगी अशी तक्रार घेऊन आली, तर आपला पहिला प्रश्न ‘ती प्यायली होती का?’ हा नसावा. ‘तुला किती वेळ थांबवून ठेवलं आणि काय काय विचारलं?’ हा असावा. कागद घ्या, तारीख टाका आणि लिहायला सुरुवात करा.